एका घरातून एकच

थांबा, मधे कोणी बोलायचं नाही. हसायचं असेल तर शेवटी हसा. मी अजून चिडलेली आहे, आणि चिडलेली असताना मला कोणी तोडलं ना, की मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते.

तर आमच्या वस्तीत, त्या सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यामागे, एक खोली आहे. पूर्वी तिथे रिकामी पोती ठेवायचे. शहरात गरिबांच्या शिक्षणाला पैसे देणारा एक फंड आहे, त्या फंडवाल्यांनी ती भाड्यानं घेतली, चुना मारला, पोरांच्या कमरेला येतील अशा बुटक्या फळ्या ठोकल्या आणि सांगितलं की वस्तीतल्या बायकामुलींना माँटेसरीच्या बाई व्हायचं शिक्षण देणार, तेही फुकट. आख्खी वस्ती हसली. आमच्या समोरचा वेल्डर आईला म्हणाला, "काकू, तुमच्या पोरीला खेळायला शिकवतात म्हणे, आणि वर पैसे फंड भरतो! मी खेळलो म्हणून माझा बाप मला बडवायचा. चुकीच्या काळात जन्मलो बघा."

आई म्हणाली, "तू अजून खेळतोसच की. फक्त पत्ते."

मी गेले. आणि जाताना वहिनीला ओढून घेऊन गेले, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ती येतच नव्हती! "मला काय येतंय त्यातलं," करत बसली होती. मी तिच्या हातातला झाडू काढून घेतला, मुंगीला कडेवर घेतलं, म्हटलं चल. मुंगी म्हणजे माझी भाची... नाही, भाची कशी, भावाची मुलगी, भाचीच म्हणतो आपण, जाऊ दे. चार वर्षांची आहे. मला आत्या म्हणते आणि माझ्याच पोटावर उड्या मारते.

तर पहिलं वर्ष मस्त. शिकवायला शहरातून एक मॅडम यायच्या. त्यांचं नाव आम्ही चिमटा मॅडम ठेवलं, कारण त्या प्रत्येक गोष्ट तीन बोटांच्या चिमटीत धरायच्या. खडू चिमटीत, चहाचा कप चिमटीत, आमची चूकसुद्धा चिमटीत पकडून सगळ्यांना दाखवायच्या. आणि नियम! मूल काम करत असेल तर बोलायचं नाही. मूल चुकलं तर सांगायचं नाही. त्यानं बोलावल्याशिवाय त्याच्या कामाला हात लावायचा नाही. माझं घरातलं नाव भिंगरी आहे, तुम्हाला माहितेय का आहे. मी काही न करता बसायचं म्हणजे उकळत्या पाण्यावर झाकण ठेवून त्याला उतू जाऊ नको म्हणायचं. पण शिकले मी. जीभ दाताखाली धरून शिकले.

आणि मग एका सकाळी चिमटा मॅडमनी सांगितलं, की फंड पुढच्या वर्षाचंही शिक्षण करणार, पूर्ण पदविका, शहरात राहून, खर्चासकट. पण सगळ्यांचं नाही करता येणार. लाभ वस्तीभर पसरायला हवा, म्हणून एका घरातून एकच.

एका घरातून एकच!

मी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आम्ही एकाच चटईवर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लावून. मी गुडघा बाजूला घेतला. तिनंही घेतला. त्या दिवशी चटई किती लांब असते ते मला कळलं.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. एवढंच, की पदविका असेल तर तुम्ही बाई. वर्ग तुमचा, फळ्या तुमच्या. नसेल तर मदतनीस. मदतनीस म्हणजे नाकं पुसा, सांडलेलं पाणी पुसा, चपला जोडीनं लावा, आणि कोणी पाहुणे आले की भिंतीला चिकटा. मला भिंतीला चिकटायचं नव्हतं. एवढं एकच मला हवं होतं.

घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात जुंपली आमची.

"वहिनी, तू नाव मागे घे ना. तुझं सगळं झालंय. लग्न झालंय, मुंगी आहे..."

"हो का? लग्न झालं म्हणजे डोकं माहेरी ठेवून आले का मी?"

"तसं नाही गं. पण तुला तिथे नेलं कोणी? मी!"

"वाट दाखवली म्हणजे वाट तुझ्या नावावर झाली?"

"मुंगीला कोण बघणार, तू शहरात राहिलीस तर?"

"तिचा बाप आहे. आजी आहे. आत्या आहे, चांगली शिकलेली." आणि मग कांदा चिरता चिरता, मान वरही न करता म्हणते कशी, "एवढीच हौस आहे तर लग्न कर तू. घर बदलेल. दुसऱ्या घरातून जागा माग."

खलास! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. अगदीच नाइलाज झाला तर अहोजाहो. "वहिनी, आपण जरा बाजूला होता का, मला पाणी घ्यायचंय." इतकी वर्षं तू-तू करून झाल्यावर अहोजाहो म्हणजे काय असतं ते शिवीला विचारा. तिनंही सुरू केलं, "भिंगरीताई, आपला टॉवेल आपण उचलावा." आई वैतागली. म्हणायची, एकीनं पातेलं आपटलं की दुसरी झाकण आपटते, भांडी मात्र माझी फुटतायत.

आणि दादा? दादा बिचारा तोंडात खिळे धरल्यासारखा गप्प. तसाही तो अर्धा दिवस तोंडात खिळे धरूनच असतो. यंत्रं पाठवायला लाकडी खोकी लागतात ना, ती बनवतो तो. मी म्हणायचे, दादा तू सांग कोणाचं बरोबर. तो म्हणायचा, लाकूड ओलं आहे आज. 

आता त्या दट्ट्यांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. एक लांब लाकडी ठोकळा असतो. त्याला ओळीनं भोकं, एका टोकाला अगदी बारीक, मग जाड, मग अजून जाड. प्रत्येक भोकात नेमका बसणारा एक दट्ट्या, म्हणजे लाकडाची गोल खुंटी, वरती पकडायला गुंडी. मुलानं सगळे बाहेर काढायचे, चटईवर मिसळायचे आणि परत ज्याचे त्याच्यात बसवायचे. गंमत अशी की एक जरी चुकला तरी शेवटी एक दट्ट्या हातात राहतो आणि तो कुठे म्हणजे कुठेच जात नाही. मग मूल स्वतःच शोधतं, कुठे घोळ झाला. म्हणून बाईनं चूक सांगायचीच नसते. लाकूड सांगतं.

खरा ठोकळा शहरात, फंडवाल्यांच्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात. आमच्या खोलीसाठी मॅडमनी दादाला मापं दिली आणि करून मागितला. दादानं केला, खोक्यांच्या उरलेल्या लाकडातून, पण असा गुळगुळीत की गालावर फिरवावासा वाटेल. आणि पोरं काय भराभर लावायची त्यावर! कोणी अडायचं नाही, कोणी रडायचं नाही. सगळे दट्टे सुळकन आत. आम्ही सगळ्या खूश. वेल्डरसुद्धा खिडकीतून बघून म्हणाला, "सुताराच्या हाताला गुण आहे, पोरं चुकतच नाहीत." मॅडमनी फंडाला कळवलं, की आमच्या वर्गात मुलांच्या चुका जवळजवळ संपल्या. फंडाकडून कौतुक आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, दोन्ही हातांनी, मूर्खासारख्या.

आणि त्याच दिवसांत आमच्या घरी दुपारी एक आवाज यायला लागला. वहिनीच्या खोलीतून. दार लावलेलं, आणि आतून, फुस्स... टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत, फुस्स... टक्. मला वाटलं, मी जरा आडवी होते म्हणून मुद्दाम करतेय. मी रेडिओ मोठा केला. आवाज थांबला नाही. मी रेडिओ अजून मोठा केला. आई बाहेरून ओरडली, "कारखान्याचा भोंगा पुरत नाही का तुम्हाला?"

मग आली त्या एका जागेसाठीची परीक्षा. फंडवाल्या बाई स्वतः येणार होत्या. प्रत्येकीनं एका मुलाला एक साहित्य दाखवायचं, आणि आम्हा दोघींना दिले दट्टे. मुद्दाम दिले असणार, म्हणजे तुलना सरळ होईल. मी आधी, वहिनी नंतर. आणि एकीचं चालू असताना दुसरीनं निरीक्षक म्हणून स्टुलावर बसायचं. निरीक्षकानं काय पाहिलं तेवढंच सांगायचं. मत नाही, कौतुक नाही, तक्रार नाही. हा मॅडमचा लाडका नियम. "तुम्हाला काय वाटलं ते घरी ठेवा. डोळ्यांना काय दिसलं ते आणा."

फंडवाल्या बाई आल्या. मला वाटलं होतं, फंडवाल्या म्हणजे गोड बोलतील, फोटो काढतील, जातील. कसलं काय! उंच बाई, केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर एक रेघ हलेल तर शपथ. मॅडम चहा विचारायला गेल्या तर म्हणाल्या, "मी चहा प्यायला आले नाही." मॅडमच्या चिमटीतला कप तसाच अधांतरी. पहिल्यांदा मला मॅडमची दया आली.

मला वॉचमनची मुलगी मिळाली. शहाणी आहे ती. मी काय सादर केलं सांगू! दोन हातांनी ठोकळा आणला, आवाज न करता टेबलावर ठेवला, तिच्या उजव्या बाजूला बसले, तीन बोटांनी गुंडी धरून एकेक दट्ट्या असा उचलला जसं काही झोपलेलं पाखरू आहे. मिसळले. परत बसवले. मग म्हटलं, "आता तू." आणि हात मांडीवर.

तिनं सुरू केलं. पहिले दोन बरोबर. मग तिनं जाडा दट्ट्या घेतला आणि शेजारच्याच भोकात टाकला. सुळकन. त्याच्या शेजारचा याच्या घरात. सुळकन. मला दिसत होतं! माझ्या डोळ्यांसमोर, ढळढळीत! आणि मी वाट बघत होते, की आता शेवटी एक उरेल, आता उरेल, मग ती शोधेल. नाही उरला. सगळे आत. पोरगी उठली, माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "झालं!" आणि गेली पाणी प्यायला.

फंडवाल्या बाई उठल्या. ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, कानाजवळ नेला आणि हलवला. खडखड खडखड.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "दट्ट्यांचा ठोकळा की खुळखुळा?"

भिंतीपाशी बसलेल्यांतली एक फिसकन हसली. कोण ते मला माहितेय, तिचं नंतर बघणार आहे मी.

"मूल चुकलं?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"त्याला कळलं?"

"नाही."

"तुम्हाला कळलं?"

"हो."

"मग?"

"आम्ही चूक दाखवत नाही," मी म्हटलं. "साहित्य दाखवतं."

"आणि साहित्यच लबाड असेल तर?"

माझ्या भावानं बनवलेलं साहित्य. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, जसा काही कारखान्यात आजच पहिला पाइप बनणार होता. बाई म्हणाल्या, "हाताचं कौशल्य उत्तम. पण रोज या ठोकळ्यावर मुलांना बसवताय आणि एकदाही बोट फिरवून बघितलं नाहीत. स्टुलावर बसा."

उत्तम म्हणे! उत्तम म्हणून ढकलून दिलं.

मी स्टुलावर बसले. माझे कान असे तापले होते की त्यावर चहा झाला असता, त्यांना नको असलेला. आणि समोरून वहिनी आली, शांत, आणि फळीकडे गेलीच नाही. कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीकडे गेली. पिशवीतून तिनं काय काढलं असेल? ठोकळा! दुसरा! तसाच, दादाच्याच हातचा, एका कोपऱ्याला जरा चेपलेला. मला काही समजेचना. तिला मिळाली होती वेल्डरची मुलगी, आणि ती म्हणजे वस्तीतली नामांकित रडूबाई. सावली अंगावर पडली तरी रडते. मी मनात म्हटलं, बरं झालं. रड बाई रड. मोठ्यानं रड.

वहिनीनं दाखवलं. तिचे हात माझ्याइतके नाजूक नाहीत, खरं सांगते, बोटं जाड आहेत तिची. पण पहिला दट्ट्या तिनं परत बसवला ना, तेव्हा तो सुळकन गेला नाही. हळूहळू गेला, खालची हवा बाहेर ढकलत. फुस्स... टक्.

फुस्स, टक्!

माझी दुपारची झोप! हाच आवाज! म्हणजे ही बया महिनोन् महिने दार लावून घरात घट्ट ठोकळ्यावर सराव करत होती आणि मी बाहेर रेडिओ ऐकत होते! मला वाटलं आत्ता उठावं आणि झिंज्या धराव्यात. पण निरीक्षक. स्टूल. जीभ दाताखाली.

रडूबाईनं सुरू केलं. एक चुकला. पुढचा मग चुकायचाच. शेवटी एक दट्ट्या तिच्या मुठीत राहिला आणि एक भोकही रिकामं राहिलं, पण तो त्यात जाईना. तिनं दाबला. नाही गेला. ठोकून बघितला. नाही. खालचा ओठ बाहेर आला. सगळ्या खोलीला माहीत होतं आता काय होणार. मॅडमनी डोळेच मिटले.

आणि वहिनी बसून होती. हात मांडीवर. चेहरा असा की काही चाललंच नाहीये. पण मी स्टुलावर होते, मला टेबलाखालचं दिसत होतं, तिच्या पायांची बोटं जमिनीत रुतवल्यासारखी वळली होती. पांढरी पडली होती. तिलाही ते करून द्यायचं होतं, कळलं का? फक्त एक बोट पुढे करायचं होतं, हा घे, हा तिथला. नाही केलं तिनं.

रडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं नाक बाहीला पुसलं, आणि सगळे दट्टे बाहेर काढले. सगळे! परत पहिल्यापासून. परत एक उरला. परत काढले. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, कोणीतरी दार वाजवलं, तिनं मान वळवली नाही. आणि मग, फुस्स, टक्. फुस्स, टक्. शेवटचा आत गेला तेव्हा ती हसलीसुद्धा नाही. कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. एक मोठा श्वास सोडला आणि परत सगळे बाहेर काढून नव्यानं लावायला बसली. जसं आम्ही कोणी खोलीत नाहीच.

फंडवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "निरीक्षक. काय पाहिलंत?"

माझ्या तोंडात काय काय होतं सांगू? चोरटी, आतल्या गाठीची, दार लावून बसणारी. पण हे सगळं वाटणं झालं. मी डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. मूल चुकलं, एक उरला, डोळ्यांत पाणी आलं, सगळे काढले, परत लावले, परत चुकलं, परत काढले, जमलं, आता पुन्हा करतंय.

"आणि मूल चुकलं तेव्हा शिकवणारीनं काय केलं?"

दात आवळून म्हटलं मी, "काही नाही. काहीच केलं नाही तिनं."

बाहेर कुठेही हे वाक्य म्हणा, ती चुगली आहे. त्या खोलीत नव्हती. त्या खोलीत याहून मोठं कौतुक नसतं, आणि ते मला पुरतं माहीत होतं, आणि ते माझ्याच तोंडून निघालं. वहिनीनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"अजून काही पाहिलंत?"

"हो," मी म्हटलं. सोडते की काय! "तो ठोकळा आमच्या फळीवरचा नाही. तिनं पिशवीतून काढला."

आता बाई वहिनीकडे वळल्या. "कुठला आहे?"

"घरचा," वहिनी म्हणाली. "नवऱ्यानं आधी हा बनवला होता. माझी मुलगी याच्यावर बसली, एक उरला, तिनं भोकाड पसरलं आणि ठोकळा फेकला. हा कोपरा तेव्हाच चेपला. त्याला बघवलं नाही. हा पलंगाखाली टाकला आणि वर्गासाठी दुसरा केला. दट्टे घासून घासून बारीक केले, म्हणजे कोणाचंच पोर रडायला नको."

"आणि तुमची मुलगी?"

"तिनं तो पलंगाखालून स्वतःच ओढून काढला. रोज दुपारी लावते. मी नुसती बसते."

म्हणजे सराव वहिनी करत नव्हती. मुंगी करत होती. तेही लगेच पचलं नाही मला.

"म्हणजे वर्गातला सैल आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना." वहिनीनं सरळ मॅडमकडे बोट केलं, पूर्ण हातानं, चिमटीनं नाही. "मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलं आनंदात आहेत, फंडाकडे चांगलं कळवलंय, आता कशाला ढवळाढवळ."

मॅडमचा चेहरा त्या चुन्याच्या भिंतीत मिसळून गेला. "मी... त्या वेळी... अहवाल गेला होता..."

"मुलांच्या चुका संपल्या, तो?" बाई म्हणाल्या. "मी तो चार ठिकाणी वाचून दाखवला." आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली, आणि ती चांगल्यासाठी नव्हती.

मला राहवलं नाही. स्टुलावरूनच ओरडले, "मॅडमना सांगितलंस! मला नाही सांगितलंस? एका घरात राहतो आपण!"

"तू माझ्याशी बोलत होतीस का?" वहिनी म्हणाली. "दोनदा आले सांगायला. तू रेडिओ मोठा केलास."

यावर सगळी खोली हसली. ती फिसकन हसणारी तर लोळली. आणि मला अजूनही वाटतं, की दारावर धक्का मारून सांगायला काय झालं होतं तिला? रेडिओला बटण असतं! बंद करता येतो रेडिओ! नाही, तुम्ही सांगा.

जागा वहिनीला मिळाली. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. मी विचारलं, "आणि मी?" तर म्हणाल्या, "एका घरातून एकच. नियम मी एकटीनं केलेला नाही." मी म्हटलं, "हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरात नणंद-भावजय नसणार." त्या म्हणाल्या, "शक्य आहे." आणि गेल्या. चहा न पिताच. मॅडमही नंतर दिसल्या नाहीत. त्यांच्या जागी आता एक आजीबाई येतात, त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे वर्गात शांतता आहे की नाही हे आम्हीच त्यांना सांगतो.

आणि मी मदतनीस. नाकं, पाणी, चपला. भिंत.

पण घरी आल्यावर मी एक केलं. सरळ दादाच्या खोक्यांच्या कारखान्यात गेले, तो खुळखुळा त्याच्यासमोर आपटला आणि म्हटलं, "नवा कर. घट्ट."

"पोरं रडतील गं."

"रडू देत."

"तुला काय जातंय म्हणायला. मुंगी रडली तेव्हा तू नव्हतीस तिथे."

"तुझ्या मायेनं माझी जागा घालवली, दादा. कर म्हणते ना!"

त्यानं नुसती नकाराची मान हलवली. तोंडात खिळे होते. पण केला. मी उभी राहून करून घेतला, प्रत्येक भोकात बोट घालून. मधे दोनदा भांडलो, एकदा त्यानं मला बाहेर काढलं, मी खिडकीतून आत आले.

आता परवाचं ऐका, मग मी गप्प बसते. वहिनी शहरातून सुट्टीवर आली होती. तिला तिथे सांगतात, जिथे जाल तिथे वर्गात बसून निरीक्षण करा. म्हणून आली आमच्या खोलीत आणि बसली, कुठे, त्याच स्टुलावर. मी तिला म्हटलं, "बसा." ती म्हणाली, "बसले." झालं बोलणं. मी भिंतीपाशी फडकं घेऊन उभी.

नव्या ठोकळ्यावर एक नवीनच पोर बसलं होतं, पाइपांच्या ट्रकवाल्याचं. लावत लावत गेलं आणि हातात एक उरला. झालं सुरू. आधी मुसमुस, मग जोरात. आजीबाईंना ऐकू आलं नाही. आणि तेवढ्यात दारात दादा. वहिनीला घ्यायला आला होता. पोर रडताना बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला जसं कोणी त्याच्याच बोटावर हातोडी मारली. चपला काढून आत आला, गुडघ्यावर बसला, आणि तो उरलेला दट्ट्या घ्यायला हात पुढे केला, "अरे राजा, हा बघ, हा इकडे..."

"हात लावू नको!"

कोण ओरडलं? मी. आणि ती. एकदम, एका दमात, एकाच सुरात! मी भिंतीकडून, ती स्टुलावरून. खुद्द नियमच मोडला आम्ही, वर्गात ओरडायचं नसतं. आजीबाईसुद्धा दचकल्या. दादाचा हात जिथे होता तिथेच राहिला.

ते पोरही रडायचं थांबलं, आमच्याकडे बघायला लागलं. मग त्याला आम्ही काही विशेष वाटलो नसणार. परत ठोकळ्याकडे वळलं आणि एक दट्ट्या उपसला.

मी वहिनीकडे बघितलं नाही. तिनंही माझ्याकडे बघितलं नाही. अजून बोलत नाही आम्ही, सांगून ठेवते. तुम्ही कोणी मधे पडू नका.

दादा मात्र उठला, गुडघे झटकले, चपला हातात घेतल्या आणि दारातून बाहेर जाता जाता पुटपुटला, "फंडवाल्यांचं बरोबर होतं. एका घरातून एकच हवी."